मदत हवी आहे : क्यूचा शाफ्ट चिकट झालाय, आणि बहुतेक वाकलाय

मंडळी, नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी स्वतःचा पूल क्यू, म्हणजे टेबलावर बॉल मारायच्या 'पूल' या खेळाची काठी, घेतला. तोवर भिंतीवरच्या सार्वजनिक काठ्यांवर भागत होतं. स्वतःची काठी आल्यावर खेळ काही सुधारला नाही, काळजी तेवढी वाढली. दोन तुकड्यांचा आहे, ५८ इंची, वजन १९ औंस, शाफ्ट (पुढचा निमुळता तुकडा) मेपलचा, टोकाची टिप १३ मिमी. फार भारीतला नाही, पण हाताला बसलाय.

तक्रारी तीन. त्यातली पहिली माझीच करणी आहे, तेव्हा आधीच कान पकडतो.

शाफ्ट निळसर पडला होता आणि ब्रिजच्या, म्हणजे क्यूला आधार देणाऱ्या हाताच्या, बोटांतून सरकताना अडखळायचा. मी घरातला बारीक सँडपेपर मारला. पाच मिनिटांत शाफ्ट नव्यासारखा गोरा! इतका खूश झालो की दर आठवड्याला तेच सुरू केलं. फेरूलला (टिपखालच्या कड्याला) चरे पडू नयेत म्हणून त्यावर चिकटपट्टी लावायची अक्कल होती, लाकडाबद्दल मात्र काही सुचलं नाही. आता फेरूल आणि लाकूड जिथे जुळतात तिथे नख अडकतं. फेरूल जागच्या जागी, लाकूड आत गेलेलं. आणि चिकटपणा पूर्वी पंधरा दिवसांनी यायचा, तो आता दोन दिवसांत येतो.

दुसरी, टिपपासून वीतभर अंतरावर तांदळाच्या दाण्याएवढा खळगा पडलाय. टेबलाच्या कडेवर आपटला. (कसा ते विचारू नका. नऊ नंबरचा बॉल पॉकेटच्या तोंडाशी राहिला आणि पांढरा बॉल आत गेला, एवढंच सांगतो.) दिसायला किरकोळ, पण प्रत्येक स्ट्रोकला बोटाला लागतो आणि नेमबाजीत लक्ष तिकडेच जातं.

तिसरी, खरी धास्ती. क्यू जोडून टेबलावर लोळवला की टिप नाचते. मध्यंतरी तो एकदा अर्धा दिवस उन्हात बंद गाडीत राहिला होता. वाकला का? वाकला असेल तर सरळ होतो का? जाणकारांनी सांगावं. "नवा घ्या" हे सोडून काहीही चालेल.

प्रतिसाद १

दर आठवड्याला सँडपेपर? क्यू आहे की पेन्सिल?

प्रतिसाद २

वरच्यांनी चेष्टा केली, पण मुद्दा तोच आहे. मेपलवर सीलरचा पातळ थर असतो, तो लाकडाची छिद्रं बुजवतो. तुम्ही मळाबरोबर तो थरही काढलात. आता उघड्या लाकडात घाम आणि टिपला लावायचा चॉक सरळ मुरतो, म्हणून चिकटपणा लवकर येतोय. घासलं की बरं वाटतं, आणि घासल्यामुळेच परत घासावं लागतं.

सँडपेपर आधी घराबाहेर काढा. खेळून झालं की कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने शाफ्ट पुसायचा, रोज, कंटाळा न करता. मळ बसलाच तर फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पुसा आणि लगेच कोरडं करा. पाणी नको, लाकडाचे तंतू फुलून शाफ्ट खरखरीत होतो. मग चामड्याचा तुकडा मुठीत धरून शाफ्टवर जोरात मागेपुढे फिरवा, तळव्याला चटका जाणवेपर्यंत. शेवटी कार्नोबा मेणाचा अगदी पातळ हात. सीलर मात्र क्यू दुरुस्त करणाऱ्याकडून लेथवर लावून घ्या.

एक सवयही बघा. चॉक लावताना क्यू उभा धरता का? सगळी भुकटी शाफ्टवर ओघळते. टिप जरा खाली झुकवून लावा. नावाला चॉक असला तरी त्यात खडू नसतो. सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कठीण कण असतात, म्हणजे घासायचीच वस्तू.

प्रतिसाद ३

खळग्याचं मी सांगतो. तंतू तुटले नसतील, नुसते दबले असतील, तर वर येतात. कापडाची ओली चिंधी नीट पिळून फक्त खळग्यावर ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेकवा. वाफेने तंतू फुगतात. पूर्ण वाळू द्या, लागलं तर परत करा. फेरूल आणि दोन तुकडे जुळतात त्या जॉइंटपासून वाफ लांब ठेवा, तिथे डिंकाचं काम असतं.

आता वाकल्याचं. जोडलेला क्यू लोळवून काहीच ठरत नाही. शाफ्ट निमुळता असल्याने सरळ क्यूखालीही फट दिसतेच. लोळवताना ती फट लहानमोठी होते का, हे बघायचं. आधी शाफ्ट एकटा लोळवा, मग बट (मागचा जाड तुकडा) एकटा. दोन्ही सरळ निघाले तर दोष जॉइंटमध्ये आहे. शाफ्ट एकटाच नाचला तर वाकला असेल, किंवा हाताने घासून त्याची गोलाई गेली असेल.

खरंच वाकलेलं लाकूड कायमचं सरळ होणं अवघड. वाकवून बसवलं तरी हवा बदलली की परत जातं. यापुढे गाडीत ठेवू नका आणि भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका.

धागाकर्ता

आज सगळं करून पाहिलं. शाफ्ट एकटा सरळ! बटही सरळ! जॉइंटच्या तोंडावर मेण आणि चॉकचा काळपट थर साचला होता, एका बाजूला जाड. मीच कधीतरी मेण तिथवर नेलं असणार. कोरड्या फडक्याने आणि दात कोरायच्या काडीने साफ केलं, नाचणं जवळजवळ थांबलं. खळगा दुसऱ्या वाफेला पाऊणभर वर आला, आता डोळे मिटून शोधावा लागतो.

उरली फेरूलची पायरी. टिपही कडेने फुगून छत्रीसारखी पसरलीय. टिप बदलताना फेरूल कानशीने लाकडाबरोबर करू का?

प्रतिसाद २

कानशीला हात लावाल तर खबरदार. नवी टिप आणि फेरूल एकदमच लेथवर लाकडाच्या मापात उतरवून घ्या, आणि त्याच वेळी सीलर. आधी शाफ्टला व्हर्नियर लावून माप सांगा.

धागाकर्ता

१२.६ भरला. १३ चा होता.

प्रतिसाद १

मग पेन्सिल नाही अजून. १२.६ वर आरामात खेळता येतं, टोक काढणं तेवढं थांबवा.