'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये कॅप्टन फॉन ट्रॅप यांच्यावर अन्याय झाला आहे का?

रानवारा:
शिक्षिका म्हणून जॉर्ज फॉन ट्रॅप यांच्या घरी आलेल्या आणि पुढे त्यांच्याशी लग्न केलेल्या मारिया फॉन ट्रॅप यांच्या आयुष्यावर बेतलेले हे संगीत नाटक १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि १९६५ मध्ये रॉबर्ट वाइज यांनी त्यावर चित्रपट केला. दोन्हींत जॉर्ज फॉन ट्रॅप सुरुवातीला गाण्याला घरात थारा न देणारे, मुलांना शिट्टीवर चालवणारे वडील दिसतात. शिट्टी खरी होती. मोठ्या घरात आणि आवारात मुलांना हाक पोहोचावी म्हणून हा माजी नौदल अधिकारी ती वापरत असे. परंतु वडील मायाळू होते आणि मारिया येण्यापूर्वीही घरात गाणे-वाजवणे चालत असे, हे त्यांच्या मुलांनीच सांगितले आहे. जॉर्ज १९४७ मध्येच वारले, त्यामुळे त्यांना स्वतःची बाजू मांडता आली नाही. नायिका उठून दिसावी म्हणून खऱ्या माणसाला, त्याच्याच नावानिशी, कठोर रंगवणे मला अन्यायाचे वाटते.

पिंपळपान:
मला हे पटत नाही. मुलांचे गाणे ऐकून बाप स्वतः गाऊ लागतो, हा प्रसंग आधीच्या अबोल घराशिवाय उभाच राहणार नाही. १९३८ मध्ये हे कुटुंब, शेवटी दाखवले आहे तसे डोंगर ओलांडून नव्हे, तर रेल्वेने इटलीला गेले. ऑस्ट्रियातल्या त्यांच्या साल्झबर्गजवळचे डोंगर ओलांडले असते तर ते जर्मनीतच उतरले असते. तरीही शेवट खोटा वाटत नाही, कारण नाझींची चाकरी नाकारून घरदार सोडणे हे मूळ सत्य तिथे शाबूत आहे.

रानवारा:
वाट बदलल्याने कोणाच्या लौकिकाला धक्का लागत नाही, स्वभाव बदलल्याने लागतो. मुलांची नावे बदललीच होती, थोरल्या रुपर्टच्या जागी थोरली लीसल आलीच होती, मग वडिलांचे नाव तेवढे का राखले?

मृद्गंध:
माझ्या मते जाब चित्रपटाला विचारायला हवा. नाटकात कॅप्टनची वाग्दत्त वधू एल्सा आणि मित्र मॅक्स 'नो वे टू स्टॉप इट' या गाण्यातून कॅप्टनला येणाऱ्या नाझी सत्तेशी जुळवून घ्यायला सांगतात आणि याच मतभेदावरून त्याचे एल्साशी ठरलेले लग्न मोडते. चित्रपटाने हे गाणे गाळले, आणि लग्न मोडते ते केवळ त्याचे मन मारियाकडे वळल्यामुळे. जर्मन नौदलातली नेमणूक नाकारणाऱ्या खऱ्या जॉर्ज यांच्याशी नाटकातला कॅप्टन अधिक इमान राखतो.

रानवारा:
तो प्रसंग पडद्यावर टिकला असता तर माझी निम्मी तक्रार उरली नसती. मात्र पहिल्या अंकातल्या बापाबद्दलचा आक्षेप त्याने सुटत नाही.