मदत हवी आहे : दहावीतल्या मुलीची शाळेच्या दिवशीच पोटदुखी

कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. दोन महिने झाले, शाळेच्या दिवशी सकाळी लेकीच्या पोटात कळ येते, मळमळतं. रविवारी स्वारी ठणठणीत! सोनोग्राफी, रक्त-लघवी नॉर्मल. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, ताण आहे. एक क्लास बंद केला, रात्री दहाला मोबाइल काढून घेतो, संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मारतो. झोप सुधारली, पोटदुखी तशीच. वर्गात कुणी त्रास देत नाही, बाईंशी बोललोय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला. प्रत्यक्ष समुपदेशकाला भेटा म्हणाले. पण लेक म्हणते, "मी काय वेडी हाय व्हय?" खासगीत दर आठवड्याचा खर्च झेपणार नाही. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात या वयाच्या मुलांना समुपदेशन मिळतं का, आणि पहिल्या भेटीला तिला काय सांगून न्यावं?