‘रीनॉर्मलायझेशन’ला मराठीत काय म्हणावे? (संदर्भ: गतिकीय प्रणाली)

प्रश्न

गतिकीय प्रणालींवरील (ठरलेल्या नियमाने काळानुसार बदलत जाणाऱ्या प्रणालींवरील) एका मराठी लेखात ‘रीनॉर्मलायझेशन’साठी मी ‘पुनर्सामान्यीकरण’ हा शब्द योजला होता. मसुदा वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी त्याचा अर्थ ‘परिस्थिती पुन्हा पूर्वपदावर येणे’ असा घेतला. अधिक नेमका शब्द आहे का? तसेच ‘स्टेबल मोशन’साठी ‘स्थिर गती’ आणि ‘केऑस’साठी ‘अनागोंदी’ हे शब्द कसे वाटतात?

उत्तर

आपल्या स्नेह्यांनी मराठीच्या अंगाने योग्य तोच अर्थ घेतला आहे. ‘सामान्य’ म्हटले की नेहमीचे, साधे, असाधारण नसलेले असेच मनात येते, तर मूळ संज्ञेतील ‘नॉर्मल’चा रोख ठरलेल्या मापाकडे आहे. सदिशाची (व्हेक्टरची) लांबी एक करून घेणे किंवा सर्व संभाव्यतांची बेरीज एक येईल अशी मांडणी करणे याला ‘नॉर्मलाइझ करणे’ म्हणतात. तोच हा अर्थ.

शब्दाचा प्रवासही लक्षात घ्यावा लागेल. क्वांटम विद्युतगतिकीत (प्रकाश आणि विद्युतभारित कण यांच्या क्वांटम सिद्धांतात) इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाची आणि विद्युतभाराची गणिते अनंताकडे जाऊ लागली, तेव्हा प्रयोगात मोजलेल्या मूल्यांशी त्यांची नव्याने सांगड घालण्याच्या रीतीला हे नाव रूढ झाले. पुढे भौतिकशास्त्रज्ञ लिओ कॅडनॉफ यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या कल्पनेच्या आधारे केनेथ विल्सन यांनी १९७१ मध्ये त्याच नावाखाली निराळीच दृष्टी आणली: बारीक तपशील गाळायचे, मापपट्टी मोठी करायची, आणि असे वारंवार केल्यावर काय टिकून राहते ते पाहायचे. गतिकीत हा शब्द आला तो या दुसऱ्या वाटेने. येथे अनंत राशींची अडचण मुळातच नाही, त्यामुळे त्या पहिल्या अर्थाचे ओझे मराठी शब्दाने वाहण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष क्रिया काय आहे ते पाहिले की शब्द निवडणे सोपे जाते. ‘क्ष’च्या जागी पुनःपुन्हा ‘र × क्ष × (१ − क्ष)’ ठेवत जाण्याचा सुपरिचित नियम घ्या. ‘र’ वाढवत नेला असता ३ या मूल्याला दोन पावलांचे आवर्तन सुरू होते, सुमारे ३.४४९५ ला चार पावलांचे, ३.५४४१ ला आठ पावलांचे, ३.५६४४ ला सोळा पावलांचे, आणि ३.५६९९ च्या आसपास ही दुप्पट होण्याची मालिका संपून केऑसची (नियम ठरलेला असूनही पुढचा अंदाज बांधता न येणाऱ्या वर्तनाची) हद्द लागते. लागोपाठच्या अंतरांचे गुणोत्तर ४.६६९२ या संख्येकडे जाते, आणि मिचेल फायगेनबाउम यांना १९७५ मध्ये आढळले ते असे की हा नियम सोडून दुसरे कोणतेही फलन (असाच एखादा नियम) वापरले तरी, आलेखाचा माथा एकच आणि वर्गफलनासारखा गोलसर असेल तर, तीच संख्या मिळते. पिएर कुले आणि शार्ल त्रेसेर हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते.

याचे कारण ज्या क्रियेत सापडले ती अशी: नियम लागोपाठ दोनदा लावायचा, मिळालेल्या आलेखाचा माथ्याजवळचा लहान तुकडा घ्यायचा, तो उलटा करून सुमारे २.५०२९ पट मोठा करायचा आणि मूळ आलेखाशी ताडून पाहायचा. केऑसच्या हद्दीवर हे पुनःपुन्हा केले की आलेख एका ठराविक फलनाकडे जातात, आणि त्या फलनावर तीच क्रिया केली असता ते जसेच्या तसे राहते. ऑस्कर लॅनफर्ड यांनी १९८२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने याची काटेकोर सिद्धता दिली. या क्रियेतील शेवटचा टप्पा, म्हणजे तुकडा मूळ मापात परत आणणे, एवढाच काय तो नावात उतरला आहे. म्हणून मी ‘पुनःप्रमाणीकरण’ सुचवेन, कारण मराठीतील ‘प्रमाण’ शब्दात माप आणि मानक हे दोन्ही अर्थ आहेत. (‘प’ आणि ‘स’ यांच्या आधी ‘पुनर्’ न होता विसर्ग राहतो: पुनःप्रसारण, पुनःस्थापना. ‘पुनर्सामान्यीकरण’ संधीच्या दृष्टीनेही खटकतेच.)

हरकत

‘प्रमाणीकरण’ म्हटले की आज वाचकाला मोबाइलवर येणारा ओटीपी किंवा आधारची ओळखपडताळणी आठवते. ‘सामान्य’चा घोटाळा टाळताना आपण दुसरा घोटाळा ओढवून घेत आहोत. ‘रीनॉर्मलायझेशन’च ठेवले तर काय बिघडेल?

प्रत्युत्तर

हरकत रास्त आहे. तरी ‘मापाचे पुनःप्रमाणीकरण’ असे पहिल्यांदा लिहून, वर सांगितलेली क्रिया दोन वाक्यांत मांडली तर ओळखपडताळणीची आठवण वाचकाला फार काळ सतावणार नाही. संशोधनपर लेखात मात्र ‘रीनॉर्मलायझेशन’ हाच शब्द देवनागरीत लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

उरलेल्या दोन शब्दांविषयी माझे मत अधिक ठाम आहे. ‘स्थिर गती’ हा प्रयोग टाळावा, कारण तो वाचून वेग बदलत नाही असे वाटते. येथे अभिप्रेत आहे ती लहानशा धक्क्याने न विस्कटणारी, आपल्या मर्यादेत राहणारी गती, मग तिचा वेग क्षणोक्षणी का बदलेना. ‘स्थायी गती’ किंवा ‘टिकाऊ गती’ त्यापेक्षा बरे. कोल्मोगोरोव्ह, आर्नोल्ड आणि मोझर यांच्या सिद्धांतातील टिकून राहणारी वलये (ज्यांवरून प्रणालीची गती कायम फिरत राहते असे मार्ग) हे त्याचे उत्तम उदाहरण होय. ‘स्टँडर्ड मॅप’ नावाच्या, नियमित धक्के बसणाऱ्या प्रणालीच्या प्रारूपात धक्क्याची तीव्रता वाढवत नेली असता ही वलये एकेक करून तुटतात, आणि सुवर्ण गुणोत्तराशी निगडित वलय सर्वांत शेवटी, तीव्रता सुमारे ०.९७१६ असताना तुटते, असे जॉन ग्रीन यांच्या १९७९ च्या गणनेवरून दिसते. रॉबर्ट मॅके यांनी पुढे याच वलयासाठी पुनःप्रमाणीकरणाची क्रिया मांडली: तीव्रता त्या मूल्याहून कमी असेल तर प्रणाली या क्रियेच्या प्रत्येक फेरीत साध्या, वलय शाबूत असलेल्या रूपाकडे सरकते, जास्त असेल तर त्यापासून दूर जाते, आणि नेमकी सीमेवर असेल तर निराळ्याच एका स्थिर रूपाशी जाऊन थांबते. स्थायी गती आणि केऑस यांच्यातील सीमा एकाच क्रियेने तपासता येते, म्हणून आपल्या लेखात हे उदाहरण अवश्य यावे.

‘अनागोंदी’ मी मुळीच वापरणार नाही. त्या शब्दात नियम पाळले जात नाहीत अशी तक्रार दडलेली आहे, तर केऑसमध्ये नियम तंतोतंत पाळला जातो. अडचण असते ती सुरुवातीच्या मापनातील अतिसूक्ष्म फरक झपाट्याने वाढत जाण्याची. ‘गोंधळ’ म्हणावे तर संबळ वाजू लागतो. ‘केऑस’ आता पुरेसा ओळखीचा झाला आहे, तोच ठेवावा.

प्रश्नकर्त्याकडून

मग शीर्षकात ‘केऑस’ आणि ‘स्थायी गती’ घेतो. ‘मापाचे पुनःप्रमाणीकरण’ पहिल्या परिच्छेदात एकदा देऊन पुढे सर्वत्र ‘रीनॉर्मलायझेशन’ लिहितो.