भाषेचं मासिक की शब्दांच्या गमतीजमती?

पूर्णविराम
सर्वसामान्य वाचकांसाठी निघणारी भाषाविषयक मासिकं चाळली की माझी निराशाच होते. अमुक शब्द कुठून आला, तमुक म्हणीमागची गोष्ट काय, बस्स. तेही न तपासता. एस्किमोंकडे बर्फाला शेकडो शब्द आहेत, हे अजूनही कुणीतरी छापतंच. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने १९११ साली चार शब्द दिले होते. पुढच्यांनी ते कसे फुगवत नेले, हे लॉरा मार्टिन या संशोधक बाईंनी १९८६ मध्येच दाखवलंय. माझं म्हणणं, व्युत्पत्तीला वर्षभर सुट्टी द्या. ध्वनी, वाक्यरचना यांवर लिहा आणि परिभाषेला घाबरू नका.

काना-मात्रा
मग वाचकही सुट्टीवर जातील! संस्कृत-इंग्रजीतल्या पितृ-फादर, पाद-फुट या जोड्या पाहूनच माणूस थबकतो. 'प'च्या जागी 'फ' नेमाने येतोय हे लक्षात आलं, की तो याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेल्या ध्वनिबदलाच्या नियमाच्या दारात उभा असतो. व्युत्पत्ती म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. (थोड्या असतात. चालायचंच.)

पूर्णविराम
दारात उभा असतो, कबूल. पण लेखही तिथेच संपतो ना! 'स'ला चिकटलेला 'प' तेवढा बदलला नाही, तो का, हे कोण सांगणार?

जुनी वर्गणीदार
मी तर ती आयपीएची, म्हणजे उच्चार दाखवणारी आंतरराष्ट्रीय चिन्हं दिसली की पान उलटते. विद्वानांनी विद्वानांसाठी लिहावं, आम्हाला कशाला?

अर्धचंद्र
ताई, ती चिन्हं ज्या संस्थेची, ती १८८६ मध्ये पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांनी काढली. वर्गात उच्चार शिकवताना अडत होतं म्हणून. एक करून बघा. 'माझा' आणि 'माझी' मोठ्याने म्हणा. 'माझा'तला 'झ' दातांशी, 'माझी'तला टाळूकडे. पुढे 'ई' आली की जीभ आपोआप मागे सरकते. 'चमचा-चमचे' म्हणताना शेवटच्या 'च'चंही तेच. आयुष्यभर आपण हे करतो, कुणी शिकवलेलं नसतं. मासिकाने हे दाखवावं.

जुनी वर्गणीदार
म्हणून पाहिलं. सरकते खरी! पण हे तुम्ही एकाही चिन्हाशिवाय समजावलंत की.

पूर्णविराम
कारण तुम्हाला मराठी येते. न येणाऱ्याला कसं कळणार? लिहिताना दोन्ही 'झ' सारखेच.

जुनी वर्गणीदार
एकाखाली टिंब द्या. भागेल.