गोल्फमध्ये फटका मोठा की मैदान?

प्रश्न : २०१२ च्या मास्टर्स स्पर्धेत प्लेऑफच्या (बरोबरी फोडणाऱ्या जादा खेळाच्या) दुसऱ्या होलवर डावखुऱ्या बब्बा वॉटसनने झाडीतून वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या काठीने) चेंडू भलताच उजवीकडे वळवून ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) आणला. लक्षात ठेवायचे ते अशा फटक्याला, की तो खेळायला लावणाऱ्या ऑगस्टाच्या मैदानाला?

प्रतिसाद १ : माझे मत मैदानाच्या बाजूने आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावर सतराव्या ग्रीनच्या मागे रस्ता आणि त्यापलीकडे दगडी भिंत आहे. तिथे झालेल्या २०१० च्या ओपन स्पर्धेत भिंतीजवळ अडकलेला चेंडू स्पेनच्या हिमेनेझने मुद्दाम भिंतीवरच मारून उलटा ग्रीनवर आणला. भिंतच नसती, तर हा फटका त्याला सुचला तरी असता का?

प्रतिसाद २ : मला हे पटत नाही. आमच्या साध्या, सपाट मैदानावर समोरून वारा आला, की मी सात नंबरची आयर्न (धातूच्या पात्याची काठी) आखूड धरून चेंडू खाली ठेवतो, आणि तो टप्पा खाऊन ग्रीनवर सरकत गेला, की उरलेल्या फेरीतला गचाळपणा (तो बराच असतो) विसरायला होतो.

प्रश्नकर्ता : पण वारा हाही मैदानाचाच भाग नव्हे काय? शिवाय वॉटसनचा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) आधी झाडीत भरकटला होता, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.