अनुभव धागा : पहिल्यांदा उभं राहून बोललो तो दिवस

संभाजीनगरात आमच्या टोस्टमास्टर्स क्लबची, म्हणजे चारचौघांत बोलायचा सराव करणाऱ्या मंडळाची, मीटिंग दर शनिवारी असते. गेल्या वेळी बदनापूरकडची एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. टेबल टॉपिक्सला, म्हणजे आयत्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायच्या वेळी, तिचं नाव पुकारलं. उठली, विषय ऐकला आणि "मला नाही जमणार" म्हणून खाली बसली. नंतर जिन्यात तिनं विचारलं, "सर, तुम्ही सगळे आधीपासूनच असं बोलत होता का?" मी माझं सांगितलं, पण एकट्याचं पुरणारं नव्हतं. म्हणून तुम्हाला विचारतोय. टोस्टमास्टर्स असो, कॉलेजचं वक्तृत्व मंडळ असो की बचत गट, जिथं बोलायला शिकलात तिथलं लिहा. बक्षिसांचं नको. पहिला दिवस कसा गेला आणि पुढे नेमकं काय बदललं, ते हवं.

माझं आधी. क्लबमधलं पहिलं भाषण स्वतःची ओळख करून देणारं असतं, चार ते सहा मिनिटांचं. चार मिनिटं झाली की हिरवा दिवा लागतो. माझं भाषण त्याआधीच संपलं, अडीच मिनिटांत. आता काय ऐकावं लागणार म्हणून खाली बघत बसलो होतो. मूल्यमापन करणाऱ्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "पहाटे आई जात्यावर दळायची, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. मला त्या जात्यापाशी थांबायचं होतं." शाळेत मला 'छान' किंवा 'बस खाली' एवढंच ऐकायला मिळालं होतं. माझ्या बोलण्यातलं नेमकं कोणतं वाक्य कुणाला हवं होतं, हे तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. पुढचं अख्खं भाषण मी त्या जात्यावर केलं.

वाळूज, क्वालिटी विभाग

मी मूळचा सेलूचा. आधीच्या नोकरीत मीटिंगमध्ये "रिपोर्ट बघायलोय सर" म्हटलं की दोघंतिघं हसायचे. मग मी बोलणंच सोडलं. माहिती माझ्याकडे असायची आणि मांडायचा दुसराच कुणीतरी. दोन वर्षं असंच चाललं. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

क्लबमध्ये 'आह काउंटर' नावाची एक भूमिका असते. कोण किती वेळा अं, म्हंजे, तर असं म्हणतं, ते मोजायचं. पहिल्याच भाषणात माझे 'म्हंजे' २३ निघाले. पण भाषेवर लक्ष ठेवणाऱ्या ग्रामेरियन काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझी बोली बदलू नको. तू वाक्याचा शेवट गिळतोस, तो मोठ्यानं बोल." इतकी वर्षं मी चुकीच्या गोष्टीची लाज धरून बसलो होतो. आता ग्राहकाच्या ऑडिटला मी आधी दोष काय ते सांगतो, मग कारण आणि शेवटी दुरुस्तीची तारीख. बघायलोय तर अजूनही म्हणतो.

औसा तालुका, ग्रामपंचायत सदस्य

आमच्याकडं क्लब नाही भाऊ. पुतणी पुण्याला असल्या क्लबात जायची, तिनं सुट्टीत येऊन सगळं सांगितलं. बचत गटाची बैठक झाली की आम्ही एकेकीला तीन मिनिटं द्यायला लागलो. दिवे कुठले आणायचे? हिरवा, पिवळा, लाल असे तीन ब्लाऊजपीस घेतले. लाल दिसला की वाक्य पुरं करून बसायचं.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा कायदा आहे. आमच्या गावात ती वहीतच व्हायची, सह्या घरी यायच्या. त्या वर्षी आम्ही ती खरोखर भरवली आणि तिथं ठरलेलं मी ग्रामसभेत मांडलं. किती घरांना पाणी येत नाही, कधीपासून येत नाही आणि आम्हाला काय पाहिजे, एवढंच. पाय लटलटत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा आता." मी म्हणलं, माझी तीन मिनिटं व्हायचीत अजून. ठराव लिहून घेतला. पाणी यायला पुढं सात महिने लागले, पण ठरावाची नक्कल माझ्या हातात होती. दर महिन्याला तीच दाखवून विचारत गेले.

धागाकर्ता

ताई, ब्लाऊजपीस धरायचं कोण?

औसा तालुका

जिला बोलायची सगळ्यात भीती ती. वेळ बघायची तर ऐकावं लागतंच. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला ती आपणहून उठते.

परभणी, कृषी विद्यापीठ

मी विद्यार्थी. कार्यानुभवासाठी गावात राहिलो तेव्हा सोयाबीनच्या उगवण क्षमतेवर बोलायचं होतं. मी व्याख्या सांगत बसलो. एक आजोबा म्हणाले, "लेकरा, करून दाव." दुसऱ्या दिवशी ओलं गोणपाट घेऊन गेलो, मोजून शंभर दाणे रांगेत मांडले आणि गुंडाळून ठेवले. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं पेरायला चालतं, कमी उगवले तर तेवढं बियाणं वाढवायचं किंवा बदलायचं. उगवलेले दाणे मोजायला अर्धं गाव आलं. तेव्हापासून हातात वस्तू घेतल्याशिवाय मी बोलायला उभा राहत नाही.

नांदेड, औषध दुकान

सगळे भाषणाचं लिहितायत, मी माणसं जमवण्याचं लिहिते. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथं वायएमसीएच्या तळघरात टोस्टमास्टर्सची पहिली बैठक घेतली. तिथल्या तरुणांना बोलण्याइतकंच सभा चालवणं आणि समितीत काम करणंही शिकवायला हवं, असं त्यांना वाटत होतं. हे मला पटलं ते शिक्षण उपाध्यक्षपद, म्हणजे मीटिंगमध्ये कुणी काय काम करायचं ते ठरवणारं पद, अंगावर आल्यावर.

एका उन्हाळ्यात आमच्या मीटिंगला सहाच माणसं उरली. ग्रुपवर "कोण कोण येणार?" असं विचारलं की सगळे गप्प. मग मी दर बुधवारी एकेकाला फोन करायला लागले. "दादा, रविवारी टायमर तुम्ही. जमेल ना?" नाव आणि काम ठरलेलं असलं की माणूस येतो. न येणाऱ्यांत एक जण रागावलेला निघाला, त्याच्या मूल्यमापनात कुणीतरी फक्त चुकाच सांगितल्या होत्या. मी त्याची माफी मागितली. तेव्हापासून मूल्यमापन करणाऱ्याला मी आधीच सांगते, काय भावलं आणि कुठे अडलं ते वाक्यासकट सांगा, आणि पुढच्या वेळी करून बघायची एकच गोष्ट सुचवा. दुकानात नव्या मुलाला गोळ्यांची मांडणी शिकवतानाही मी हेच करते.

हिंगोली

आम्ही आठ जण आहोत. एवढ्यांत सुरू करता येईल का?

धागाकर्ता

अधिकृत क्लबला वीस सभासद लागतात. सरावाला कुणाची परवानगी लागत नाही. एक घड्याळ, तीन रंगांचे कागद आणि विषयांच्या चिठ्ठ्या आणा. मराठीतच करा.

नांदेड, औषध दुकान

हिंगोली मला जवळ आहे, या रविवारी मी येते. टायमर कोण, तेवढं ठरवून ठेवा.