मदत हवी आहे : पाण्याखाली कातडी रबरी दिसते, चमक काढली तर निर्जीव दिसते

नमस्कार,

एका छोट्या ॲनिमेशनपटासाठी मी एक काल्पनिक सागरी प्राणी तयार करत आहे. त्याची लांबी १८ मीटर धरली असून मान वाम माशासारखी लवचिक आणि धड सीलसारखे भरीव आहे. कातडी बहुतेक ठिकाणी गुळगुळीत असून खवले केवळ पाठीवरून शेपटीकडे जाणाऱ्या एका पट्ट्यात आहेत. काम ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या सायकल्स या रेंडर इंजिनवर चालू आहे. मॉडेल, यूव्ही (पृष्ठभागाचा सपाट नकाशा) आणि रिग (हालचालीसाठीचा सांगाडा) पूर्ण झाले आहेत. अडले आहे ते कातडीच्या शेडरपाशी, म्हणजे पृष्ठभागावर प्रकाश कसा दिसेल हे ठरवणाऱ्या मांडणीपाशी.

हवेतल्या चाचणी-रेंडरमध्ये, म्हणजे रफनेस (खडबडीतपणा) ०.१५ आणि त्यावर कोटचा, म्हणजे वरच्या चकचकीत लेपाचा, पातळ थर एवढ्यावर, प्राणी नुकताच पाण्यातून वर आल्यासारखा ओलसर दिसतो. तोच शेडर पाण्याखालच्या दृश्यात वापरला की त्याचे टबात तरंगणारे रबरी खेळणे होते.

कारण शोधताना लक्षात आले की चूक माझ्या गृहीतकातच होती. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) १.३३ आणि कातडीचा साधारण १.४ असल्यामुळे, हवेत अशा पृष्ठभागावरून समोरून आलेल्या प्रकाशापैकी सुमारे २.८ टक्के परत फिरतो, तर पाण्याखाली जेमतेम ०.०७ टक्के, म्हणजे जवळपास ४० पट कमी. बुडालेल्या कातडीला ओली चमक असण्याचे कारणच उरत नाही. त्यानुसार कोट काढून आयओआर (शेडरमधला अपवर्तनांक, येथे पाण्याच्या तुलनेत) १.०५ केला आणि रबरीपणा खरोखरच गेला.

मात्र त्याबरोबर कातडीही गेली. मान वळते तेव्हा गळ्याखाली पडणाऱ्या आडव्या सुरकुत्या, कल्ल्यांच्या फटींच्या कडा, पोटावरचे जुने वण हे सारे मी नॉर्मल मॅपमध्ये (खऱ्या उंचसखलपणाशिवाय त्याचा भास देणाऱ्या चित्रात) रंगवले होते, आणि ते डोळ्यांना दिसत होते ते प्रामुख्याने चमकेच्या तुटक रेषांमुळे. आता तिथे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा सपाट राखाडी भाग उरला आहे. सबसर्फेस (कातडीच्या आत शिरून पसरणारा प्रकाश) वाढवून पाहिले, पण दृश्य बऱ्याच खोलीवरचे असल्याने लाल प्रकाश पाण्यानेच शोषून घेतलेला असतो. त्यामुळे लाल रंगाची त्रिज्या (तो कातडीत किती दूर पसरतो ते) मोठी ठेवण्याची मानवी त्वचेसाठीची पद्धत येथे उपयोगी पडली नाही.

एक वाट अर्धवट सापडली आहे. माशांच्या कुशीवरची चांदी ओलेपणामुळे नसते. ती कातडीतील ग्वानिनच्या स्फटिकांच्या थरांमुळे असते आणि ग्वानिनचा अपवर्तनांक सुमारे १.८३ असल्याने ती पाण्याखालीही टिकते. म्हणून धडाच्या दोन्ही कुशींवर मास्क (परिणाम कुठे लागू व्हावा हे ठरवणारा नकाशा) रंगवून तेवढ्याच भागात धातूसारखी चमक दिली. स्थिर चित्रात ती फार सुंदर दिसते, पण प्राणी पोहू लागला की कुशीला ॲल्युमिनियमचा कागद चिकटवल्यासारखे वाटते. मास्कची कड मऊ करून फरक पडला नाही, तेव्हा दोष कडेत नसून आतल्या एकसारखेपणात असावा, असे मला वाटते.

तेव्हा जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. पाण्याखालच्या कातडीचे बारकावे आपण कशातून दाखवता? सुरकुत्या डिस्प्लेसमेंटमध्ये (पृष्ठभाग प्रत्यक्ष उंचसखल करण्याच्या पद्धतीत) नेऊन त्यांना खरी सावली मिळू द्यावी, की फटींमध्ये गडद रंग आणि शेवाळ भरून काम बेस कलरवर, म्हणजे कातडीच्या मूळ रंगावर, सोपवावे? चांदीचा एकसुरीपणा मोडण्यासाठी रफनेसमध्ये बदल पुरेसा ठरतो, की स्फटिकांची दिशा शरीरभर बदलती ठेवणे गरजेचे आहे?

दुसरी अडचण शेवटच्या शॉटची आहे. तेथे डोके पाण्याबाहेर येते, म्हणून पाण्याच्या पातळीनुसार दोन्ही शेडर मिसळले आहेत. मानेवर त्यामुळे सुरीने कापल्यासारखी सरळ रेषा दिसते, आणि लाटेच्या आकाराप्रमाणे ती वळवली तरी बाहेर आलेल्या भागावरून पाणी ओघळत असल्याचा भास होत नाही. ओलेपणाचा असा हलता मास्क कोणी डायनॅमिक पेंटने (ब्लेंडरमधल्या, स्पर्शाप्रमाणे पृष्ठभाग आपोआप रंगवणाऱ्या सोयीने) केला असेल, तर तो अनुभव वाचायला आवडेल.

हालचालीत नक्षी कातडीवरून घसरण्याचा प्रश्न सुटलेला आहे. नक्षीची जागा ठरवण्यासाठी ऑब्जेक्टऐवजी जनरेटेड कोऑर्डिनेट (न हललेल्या मूळ आकारावरून मोजलेले) घेतल्यावर ती जागच्या जागी राहते, त्यामुळे त्याविषयी लिहिण्याचे कष्ट कोणी घेऊ नयेत. दोन्ही रेंडर आणि शेडरमधल्या नोडची (जोडलेल्या घटकांची) मांडणी हवी असल्यास सांगावे, देतो.